आधी दिवस मोजा, मग तिकीट काढा

महामायेला दिवस भरत आल्यावर माहेरची ओढ लागली. शुद्धोदनाने तिची इच्छा मानली आणि कपिलवस्तूहून देवदहाला जाण्याची व्यवस्था केली. वाटेत लुंबिनीचे वन लागले. तिथेच तिला कळा सुरू झाल्या आणि शालवृक्षाखाली सिद्धार्थाचा जन्म झाला. सासरी नाही, माहेरी नाही, वाटेवर. बाळ सात दिवसांचे झाले आणि महामाया गेली. पुढे प्रजापती गौतमीने सिद्धार्थाला वाढवले. बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच हे सर्व आले आहे.

वैशाख पौर्णिमेला विहारात आपण जन्माचा भाग आनंदाने ऐकतो आणि सातव्या दिवसाचा भाग पटकन ओलांडून पुढे जातो. आम्हाला मात्र तो ओलांडता येत नाही. आमच्यापैकी काहीजणी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता वस्तीत काम करतात. भरत आलेले दिवस, लांबचा प्रवास आणि बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते आम्ही जवळून पाहिले आहे.

आता धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो आहे. त्यामागून शाळांना दिवाळीची सुट्टी लागेल. मुंबई, ठाणे, पुण्याच्या वस्त्यांतून निम्म्या खोल्यांना कुलूप लागेल आणि घरे मराठवाड्याकडे, विदर्भाकडे, खानदेशाकडे निघतील. त्या गर्दीत पोटुशी सूनही असते. ‘गावी जाऊच नका’ असे सांगण्यासाठी हा लेख नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, पाण्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीला माहेरचा विसावा हवाच असतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की जायची तारीख शाळेच्या सुट्टीवरून ठरवू नका. ती पोटातल्या बाळाच्या दिवसांवरून ठरवा.

कपाटात राहिलेली फाईल

आमच्या वस्तीतल्या एका मुलीची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. तिचे दुसरे बाळंतपण होते. पहिले सिझेरियनने झालेले. दिवस सदतीस आठवड्यांचे. मोठ्याला शाळेची सुट्टी लागली, नवऱ्याला चार दिवसांची रजा मिळाली, म्हणून सगळे रात्रीच्या खाजगी बसने गावी निघाले. तपासणीची फाईल कपाटात राहिली. ‘चार दिवसांत परत यायचंय, फाईल कशाला?’ असे घरात कोणीतरी म्हणाले.

गावी पोहोचल्याच्या तिसऱ्या पहाटे तिचे पाणी गेले. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, आधीचे सिझर कशामुळे झाले? रक्त किती होते? सोनोग्राफीत वार कुठे दिसली? कुणालाच काही सांगता येईना. तिला पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. इकडे वस्तीत आम्ही शेजाऱ्यांना साक्षीला घेऊन खोलीचे कुलूप तोडले आणि फाईलच्या पानांचे फोटो काढून मोबाईलवर पाठवले. हिमोग्लोबिन साडेसात, असे त्या फाईलीत लाल शाईने लिहिलेले होते.

आई वाचली, बाळही वाचले. पण तिला रक्ताच्या पिशव्या लागल्या आणि बाळ कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिले. परत आल्यावर ती आम्हाला म्हणाली, “ताई, मला जायचंच नव्हतं. पण जाऊ का नको, हे मला कुणी विचारलंच नाही.”

महिने नको, आठवडे मोजा

‘आठवा लागलाय’, ‘नववा लागायचाय’ असा हिशेब घरोघरी चालतो. त्यात तीन-चार आठवड्यांची चूक सहज होते. प्रवासासाठी आठवडे मोजा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. पाळी १ फेब्रुवारीला आली असेल तर अपेक्षित तारीख ८ नोव्हेंबर. पाळी नियमित नसेल किंवा तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरची तारीख धरा.

नेमक्या याच तारखेला फार थोड्या बायका बाळंत होतात. सदतीस आठवडे झाले की कळा कोणत्याही दिवशी सुरू होऊ शकतात. जुळे असेल तर त्याही आधी. म्हणजे ८ नोव्हेंबर ही तारीख असलेल्या मुलीचे छत्तीस आठवडे ११ ऑक्टोबरलाच भरतात. तिच्यासाठी दिवाळीची सुट्टी हा प्रवासाचा काळ नव्हे, दवाखान्याजवळ राहण्याचा काळ आहे.

साधारण हिशेब असा ठेवावा:

• पहिले तीन महिने: निरोगी बाईचा गर्भ केवळ प्रवासामुळे पडत नाही, ती भीती बाळगू नये. पण उलट्या, चक्कर, थकवा याच काळात जास्त असतो. जमले तर टाळावे.

• चौदा ते अठ्ठावीस आठवडे: प्रवासाला सर्वांत बरा काळ. माहेरी भेटून यायचे असेल तर तेव्हाच जाऊन यावे.

• अठ्ठावीस ते चौतीस आठवडे: तपासणी करून, डॉक्टरांना विचारून जावे. बाळंतपणच माहेरी करायचे असेल तर याच काळात जाऊन तिथे स्थिर व्हावे. चौतीस आठवड्यांच्या आत पोहोचणे उत्तम.

• छत्तीस आठवड्यांनंतर: लांबचा प्रवास नको. ज्या दवाखान्यात बाळंतपण करायचे, त्याच्या जवळ राहावे.

काहीजणींनी मात्र कोणत्याही महिन्यात डॉक्टरांच्या परवानगीशिवाय निघू नये. अंगावरून रक्त गेलेले, वार खाली असल्याचे सोनोग्राफीत आलेले, रक्तदाब वाढलेला, जुळे असलेले, आधीचे बाळंतपण दिवस भरण्याआधी झालेले, किंवा हिमोग्लोबिन फार कमी असलेले. गरोदरपणी हिमोग्लोबिन अकराच्या वर हवे. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. अशा बाईला प्रवासापेक्षा उपचाराची गरज आधी असते.

‘आमच्या वेळी शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकरी थापायचो,’ असे आजी सांगतात. आजी, तुम्ही सोसले ते आम्ही नाकारत नाही. पण त्या वेळी परत न आलेल्याही होत्या. त्यांची गोष्ट सांगायला त्या राहिल्या नाहीत. आपल्या रमाईंनी चार लेकरे गमावली. यशवंतराव तेवढे जगले. सोसावे लागले त्याची प्रथा करायची नसते.

पिशवीत काय हवे

कपड्यांच्या आधी कागद भरा. माता-बाल संरक्षण कार्ड सर्वांत वर. त्यावरचा आरसीएच क्रमांक दुसऱ्या गावातही उपयोगी पडतो. सोबत सोनोग्राफीचे सर्व रिपोर्ट, रक्त-लघवीचे रिपोर्ट आणि आधी सिझर झाले असेल तर त्या वेळचा डिस्चार्ज कागद. काही घरांत म्हणतात, ‘रक्तगट तिथे तपासतातच की.’ हो, रक्त देण्याआधी तो पुन्हा तपासतातच. पण आधीच्या बाळंतपणात काय झाले, वार कुठे आहे, कोणते औषध अंगावर उठते, हे कोणत्याही मशीनमधून निघत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर कार्डवर ठळक लिहून घ्या. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर आईला बहात्तर तासांच्या आत इंजेक्शन द्यावे लागते.

आधार कार्ड, तिच्या स्वतःच्या नावाचे बँक पासबुक आणि जातीचा दाखला यांच्या प्रती घ्या. सगळ्या कागदांचे फोटो काढून तिच्या आणि आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मोजून घ्या. गावी गेले की गोळ्यांना सुट्टी, असे करू नका.

गाडीत बसल्यावर

२०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धे तिकीट झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण अर्ध्या तिकिटासाठी नऊ तास गर्दीत उभे राहणे महागात पडते. आरक्षण करूनच निघावे. एसटीत मागच्या चाकावरची आणि शेवटची बाके टाळावीत, धक्के तिथेच जास्त बसतात. मधल्या भागात, चढा-उतरायला सोपी जागा घ्यावी. शक्य असेल तर बसपेक्षा रेल्वे बरी. चालता येते, आडवे होता येते, संडासची सोय असते. गरोदर स्त्रियांसाठी रेल्वेत खालच्या बर्थचा कोटा आहे. डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर तिकीट काढावे. मुंबईहून परभणी-नांदेडकडे रेल्वेने दहा-बारा तास लागतात. एवढा वेळ वरच्या बर्थवर चढ-उतार करणे तिचे काम नाही.

आपल्या बायका एक चूक हमखास करतात. बसमध्ये लघवीला जाता येणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. गरोदरपणी लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो आणि त्यातून वेळेआधी कळा येऊ शकतात. पाणी प्या, गाडी थांबेल तिथे उतरा, कंडक्टरला थांबवायला सांगा. लाजू नका. सोबतच्या पुरुषाने हे सांगायला पुढे व्हावे.

एकाच जागी तासन् तास पाय लोंबकळत बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. तास-दीड तासाने उठून चार पावले चाला, बसल्या जागी पावले वर-खाली हलवा. झोपताना डाव्या कुशीवर झोपा. जीपमध्ये पट्टा लावलाच पाहिजे. खालचा पट्टा पोटावरून नको, ओटीपोटाच्या खालून, मांडीलगत घ्या. घरची भाकरी-भाजी, फुटाणे, केळी सोबत ठेवा. शेवटच्या फाट्यापासून गावापर्यंत मोटारसायकलवर बसवून नेण्याची पद्धत आहे, ती टाळा. सगळ्यात वाईट खड्डे त्याच पाच किलोमीटरमध्ये असतात.

दीक्षाभूमीला जाण्याबद्दलही विचारणा होते. दिवस भरत आलेल्या बाईने त्या गर्दीत न जाणे ही श्रद्धेची कमतरता नव्हे. घरी बुद्धवंदना घ्या. दीक्षाभूमी पुढच्या वर्षीही तिथेच आहे, तेव्हा बाळाला घेऊन जा.

वाटेतच त्रास झाला तर

ही लक्षणे दिसली की ‘गाव आल्यावर बघू’ म्हणायचे नाही: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, थांबून-थांबून येणाऱ्या कळा, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातावर सूज, झटका, ताप, बाळाची हालचाल कमी होणे. १०८ ला फोन करा. फाटा, गाव, जवळची खूण नीट सांगा. गरोदर माता आणि नवजात बाळासाठी १०२ ही रुग्णवाहिका आहे. रेल्वेत असाल तर टीसीला सांगा आणि १३९ ला फोन करा. पुढच्या मोठ्या स्टेशनवर मदत मागा.

बाळ वाटेतच बाहेर येऊ लागले तर ओढू नका. आईला टेकवून बसवा किंवा कुशीवर निजवा, आडोसा करा, हात धुवा. बाळ आले की कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांना मिळून पांघरूण घाला. बाळाचे डोकेही झाका. नाळ ब्लेडने, कात्रीने कापायची घाई नको. दवाखान्यात कापतील. नाळ ओढून वार काढू नका. ती आपोआप पडली तर पिशवीत घालून बाळासोबत न्या. बाळाला लगेच आईचे दूध पाजा. गुटी नाही, मध नाही, साखरेचे पाणी नाही. आणि बाळ रडले, सगळे छान झाले म्हणून घरी जायचे नाही. दोघांनाही दवाखान्यात न्यायचेच.

गावी पोहोचल्यावर

बाळंतपण गावीच असेल तर पोहोचल्यापासून दोन दिवसांत तिथल्या आशाताईला भेटा, उपकेंद्रात नाव सांगा. निघण्याआधी इथल्या आशाताईलाही सांगून जा, नाहीतर दोन याद्यांच्या मध्ये बाई हरवते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ती चुकवू नका. सिझर आणि रक्ताची सोय असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, रात्री दोन वाजता कोणाची गाडी मिळेल, रक्त द्यायला कोण दोघे तयार आहेत, हे तिन्ही प्रश्न आधीच सोडवून ठेवा.

हक्कही माहीत हवेत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण मोफत आहे. सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, दवाखान्यातले जेवण, जाण्या-येण्याची गाडी, सगळे त्यात येते. ‘तुम्ही मुंबईचे, इथे कशाला आलात?’ असे कुणी म्हटले तर ऐकून परत फिरू नका. बाईचा पत्ता कुठलाही असो, हा हक्क तिचाच आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा.

जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. ‘तुम्ही बौद्ध, मग एससी कसे?’ असा प्रश्न अजूनही काही टेबलांवर ऐकू येतो. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींमध्ये समावेश झालेला आहे, हे शांतपणे आणि ठामपणे सांगा. रक्कम मोठी नाही, पण ती सोडून देण्याचेही कारण नाही.

सातवा दिवस

बाळ झाले की घरचे निर्धास्त होतात. आम्ही तिथूनच जास्त लक्ष देतो. आपल्या देशात मातामृत्यूच्या मोठ्या कारणांमध्ये बाळंतपणानंतरचा रक्तस्राव येतो, तसाच जंतुसंसर्ग आणि वाढलेला रक्तदाबही येतो. महामायेला नेमका कोणता आजार झाला ते ग्रंथात नाही. पण तिच्या काळी नसलेले उपाय आज आपल्याकडे आहेत.

बाळंतपण साधे झाले तरी अठ्ठेचाळीस तास दवाखान्यात राहा. घाईने घरी नेऊ नका. घरी आल्यावर कापडे भराभर भिजू लागली, ताप-थंडी आली, घाण वास येऊ लागला, पोट फार दुखले, डोके दुखून अंधारी आली, तर त्याच क्षणी परत न्या. बाळाला बीसीजी, पोलिओचा थेंब आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-बी ची लस मिळाली का, ते कार्डवर पाहा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. शाळा उघडली म्हणून दहा दिवसांच्या बाळाला घेऊन रात्रीच्या बसने परत निघालात, तर या भेटी बुडतात. मोठ्या मुलाला वडिलांबरोबर पाठवा, आई-बाळाला थांबू द्या. जन्माची नोंद जिथे बाळ झाले तिथेच, २१ दिवसांच्या आत करा. परत आल्यावर दाखल्यासाठी हेलपाटे नकोत.

तिला विचारा

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. जो हक्क त्यांनी गिरणीच्या मालकाकडे मागितला, तो आपण आपल्या घरातल्या सुनेला तरी देतो का?

सुट्टीचा बेत ठरवताना तिला समोर बसवून विचारा: तुला जायचंय का? तुला कुठे बाळंत व्हायचंय? तिचे दिवस भरत आले असतील तर बेत उलटा करा. तिने गावी जाण्याऐवजी तिच्या आईला गावाहून वस्तीत बोलवा. एका तिकिटात काम होते, आणि माहेर तिच्याजवळ येते.

विहारातल्या महिला मंडळांना आमची विनंती आहे. सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. वस्तीतल्या गरोदर बहिणींची यादी करा. प्रत्येकीचे आठवडे मोजा, कोण जाणार, कोण राहणार ते लिहा. जाणाऱ्यांच्या फाईली पाहा. राहणाऱ्यांसाठी रात्रीच्या वेळी धावून येतील अशा दोन माणसांची नावे आणि १०८, १०२, १०४ हे क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहा. सुट्टीत वस्ती रिकामी होते, तेव्हा मागे राहिलेलीला याचाच आधार असतो.

पोटुशी बाई वस्तीत राहो की गावी जावो, तिचे आठवडे मोजलेले असोत, फाईल तिच्या हाती असो आणि निर्णय तिचा असो.

जय भीम.